काट्याशिवाय वस्तुमान: जडत्व तुला आणि ट्रॉलीच्या नोंदी

४ ऑक्टोबर

काम असं आहे: वस्तू न तोलता, फक्त हलवून तिचं वस्तुमान काढायचं. उपकरणं दोन. पहिलं जडत्व तुला, म्हणजे टेबलाच्या कडेला घट्ट धरलेली दोन लवचिक पाती आणि त्यांच्या पुढच्या टोकाला ट्रे. ट्रे बाजूला ओढून सोडला की तो आडवा हेलकावतो. ट्रेमध्ये जितकं वस्तुमान जास्त, तितका हेलकावा संथ. दुसरं उपकरण ट्रॉली. तिला ठरावीक बलानं ओढायचं, त्वरण मोजायचं आणि बलाला त्वरणानं भागायचं. दोन्हीकडचे आकडे शेवटी डिजिटल काट्याशी ताडून बघायचे.

काटा मुळात वस्तुमान मोजतच नाही. पृथ्वी वस्तूला किती जोरानं खाली ओढते ते तो मोजतो आणि त्यावरून ग्रॅम लिहून दाखवतो. विषुववृत्तावर गुरुत्वत्वरण (खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग ज्या दरानं वाढतो तो) सेकंदाला सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद, ध्रुवांपाशी ९.८३. एका जागी जुळवलेला काटा दुसऱ्या जागी नेला तर जवळपास अर्ध्या टक्क्याचा फरक पडू शकतो. चंद्रावर तो सहापट कमी दाखवेल. आडव्या हेलकाव्याला खालच्या ओढीशी देणंघेणं नसावं. नसावं म्हणतोय, कारण हे तपासायचं आहे.

सामान: हॅकसॉची ३०० मिलिमीटरची दोन पाती, दोन सी-क्लॅम्प, लाकडी पट्ट्या, पातळ प्लायचा ट्रे, नट-बोल्ट, आणि साधारण १०० ग्रॅमचे सारखे दिसणारे दहा मोठे बोल्ट. हे दहा बोल्ट म्हणजे माझी वजनं.

पात्यांबद्दल एक सूचना. ती लवचिक प्रकारचीच घ्या. पूर्ण कडक केलेलं पातं वाकवलं की काचेसारखं तडकतं आणि तुकडा उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच. दात ग्राइंडरवर घासून टाका. दातांवर जाड कापडी टेप चिकटवली तर बोटं वाचतात, पण टेप हेलकावे लवकर मारते.

६ ऑक्टोबर

पात्यांच्या टोकांना आधीच भोकं असतात, म्हणून प्रत्येक टोकाला एकेक बोल्ट घालून जोडलं. चाललं नाही. एका बोल्टवर पातं बिजागरीसारखं फिरतं. ट्रे पुढे झुकला, आणि ४०० ग्रॅम ठेवल्यावर तर बाजूलाही कलला. ट्रे कलला की गुरुत्वाकर्षण मागच्या दारानं आत येतं: हेलकाव्यात ट्रे वर-खाली व्हायला लागतो आणि जे टाळायचं तेच मोजलं जातं.

बोल्ट काढले. पाती दोन लाकडी पट्ट्यांमध्ये दाबून वरून सी-क्लॅम्प आवळले. ट्रेच्या बाजूलाही तसंच: ट्रेखाली दोन ठोकळे, त्यांच्यात पातं, आरपार दोन-दोन बोल्ट. पाती एकमेकांना समांतर, रुंद बाजू उभी, मध्ये १० सेंटिमीटर अंतर. मोकळी लांबी २५ सेंटिमीटर ठेवली.

पातळीदर्शक ट्रेवर ठेवून दोन्ही दिशांनी तपासलं. हे वगळू नका.

७ ऑक्टोबर

आज नुसता वैताग. चार बोल्ट ट्रेमध्ये, २० हेलकाव्यांचा वेळ घेतोय: १२.४ सेकंद, मग १२.९, मग १३.३. त्याच ट्रेला, त्याच बोल्टांना. वेळ दर खेपेला वाढतच जातोय, म्हणजे स्टॉपवॉच दाबण्यातली चूक नाही. ती असती तर आकडे मागेपुढे झाले असते. काहीतरी सैल होत चाललंय.

क्लॅम्प सोडून बघितल्यावर कळलं. लाकडी पट्टीच्या कडेवर पात्यानं चांगली खाच पाडली होती. लाकूड मऊ, पातं कडक. दर हेलकाव्याला पातं लाकडात थोडं आणखी रुतत होतं, म्हणजे मोकळी लांबी वाढत होती. पात्याचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातो, त्यामुळे दोन-चार मिलिमीटरही पुरतात.

उपाय: लाकडी जबड्यांच्या तोंडाशी ॲल्युमिनियमच्या चपट्या पट्ट्या बसवल्या, कडा कानशीनं सरळ केल्या आणि सगळ्या एका रेषेत आणल्या. आता पातं जिथे पट्टी संपते तिथूनच वाकतं.

८ ऑक्टोबर

पट्ट्यांनी बरंच काम झालं, पण पूर्ण नाही. जड भार ठेवला की आकडे अजून सरकतात. टेबलावर पाण्याचा पेला ठेवला, तर ट्रेच्या तालावर पाण्यात लाटा उठताना दिसल्या. टेबलच डोलतंय. ट्रे उजवीकडे जातो तेव्हा टेबल डावीकडे ढकललं जातं. क्रिया-प्रतिक्रियेचा नियम पेल्यात उघडा पडला. टेबल जितकं हलकं आणि पाय जितके डगमगते, तितका हा भाग मोठा.

उपकरण उचलून भिंतीतल्या दगडी ओट्यावर नेलं. पेल्यातलं पाणी स्थिर. चार बोल्टांना २० हेलकावे, आता दर वेळी १२.३ ते १२.४ च्या आत.

जो कोणी हे बनवेल त्यानं आधी पेला ठेवून बघावं. या सगळ्या प्रकल्पात सर्वांत जास्त वेळ पकड आणि आधार यांतच गेला. मोजणी त्यामानानं झटपट उरकते.

११ ऑक्टोबर

मोजणीला बसण्याआधी एक अडचण डोक्यात आली आणि तिनं संध्याकाळ खाल्ली. बोल्टांचं वस्तुमान मला माहीत कसं? काट्यावर तोलून. मग त्यांच्यावरून जडत्व तुला जुळवायची आणि नंतर म्हणायचं, ‘बघा, काट्याशी जुळली!’ यात नवल काय उरलं? फिरून भोपळे चौकात.

यातून वाट आहे. काटा आधी वापरायचाच नाही. एक बोल्ट ट्रेमध्ये ठेवायचा, वेळ घ्यायची. काढून दुसरा ठेवायचा, वेळ घ्यायची. दोन्हींनी हेलकावा सारखाच लांबवला तर हलण्याच्या हिशेबात ते दोन बोल्ट समान. दहाही बोल्ट असे तपासले. त्यातला एक थोडा वेगळा निघाला, त्याच्या आट्यांवर गंजाचा जाड थर होता. तो बाजूला ठेवून दुसरा घेतला. आता माझं एकक ‘एक बोल्ट’. ग्रॅम नंतर, अगदी शेवटी, एकदाच.

किलोग्रॅमचं एककही पूर्वी असंच एका वस्तूवर टेकलेलं होतं. १८८९ पासून पॅरिसजवळ सेव्र इथे ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल म्हणजेच किलोग्रॅम. २० मे २०१९ पासून व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, बांधली गेली आणि त्या दंडगोलाचा मान गेला. माझा बोल्ट अजून जुन्याच पद्धतीत आहे.

१२ ऑक्टोबर

मोजणी. ट्रे दोन सेंटिमीटर बाजूला ओढून सोडायचा, पहिले काही हेलकावे जाऊ द्यायचे, मग २० मोजायचे. ‘शून्य’पासून मोजायला सुरुवात करा, ‘एक’पासून केली तर एकोणीसच मोजले जातात, आणि ही चूक आलेखातही सहजासहजी दिसत नाही.

रिकामा ट्रे सेकंदाला जवळजवळ तीनदा हलतो. तोंडानं मोजणं अशक्य. मोबाईलवर संथगती चित्रण करून चौकटी मोजल्या: २० हेलकाव्यांना ६.८८ सेकंद. बाकीचे स्टॉपवॉचनं: दोन बोल्ट १०.० सेकंद, चार १२.३६, सहा १४.३३, आठ १६.०६, दहा १७.६२.

नुसत्या वेळेचा आलेख काढला तर रेघ वाकडी येते आणि माणूस निराश होतो. एका हेलकाव्याच्या वेळेचा वर्ग घ्या: ०.११८, ०.२५०, ०.३८२, ०.५१३, ०.६४५, ०.७७६. दर दोन बोल्टांमागे जवळजवळ ०.१३२ नं वाढ. फूटपट्टी ठेवली आणि सगळे ठिपके रेघेवर. पेन्सिलीचं टोक ठिपक्यांपेक्षा जाड होतं.

ही रेघ शून्यातून जात नाही. मागे वाढवली तर ती आडव्या अक्षाला उणे १.८ बोल्टांवर भेटते. म्हणजे रिकामा ट्रे स्वतः १.८ बोल्टांएवढा आहे. हेलकाव्यात तोही दर वेळी थांबवावा लागतो, पुन्हा पळवावा लागतो, म्हणून तो हिशेबात आहे. गंमत अशी की ट्रे सुटा करून तोलण्याची गरजच पडली नाही, रेघेनंच सांगितलं.

१४ ऑक्टोबर

आता काटा आणला. दहा बोल्ट मिळून १,००० ग्रॅम दाखवतात, वर-खाली दोन ग्रॅम. म्हणजे ट्रे १८० ग्रॅमचा हवा. ट्रे, ठोकळे, त्यांचे नट-बोल्ट सोडून काट्यावर ठेवले: १६८ ग्रॅम.

१२ ग्रॅम कुठून आले?

आधी वाटलं मोजणीतली चूक. पण रेघ इतकी सरळ होती की तिच्या टोकाला १२ ग्रॅमची चूक बसेना. मग लक्षात आलं, पातीही हलतात. क्लॅम्पजवळ अजिबात नाही, ट्रेजवळ ट्रेएवढीच, मधे मधलं. दोन्ही पात्यांचा मोकळा भाग मिळून साधारण ३२ ग्रॅम. दोन्ही टोकं घट्ट धरलेल्या अशा पात्याचा ३५ पैकी १३ भाग ट्रेबरोबर हलल्यासारखा धरावा लागतो, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम. हिशेब बसला.

काट्याला हे १२ ग्रॅम दिसणं शक्यच नव्हतं. पातं काट्यावर ठेवलं तर १६ ग्रॅम दाखवेल. ते किती हलतं हे काट्याला कसं कळणार?

१५ ऑक्टोबर

पात्यांचा ताठपणा वेगळा मोजून घेतला. ट्रेला दोरा, दोरा कप्पीवरून खाली, टोकाला एक बोल्ट. ट्रे १६ मिलिमीटरच्या किंचित वर सरकला. म्हणजे मीटरला ६० न्यूटन. वेळेच्या आलेखाच्या चढावरूनही ६० येतो. एक आकडा स्थिर ट्रेवरून, दुसरा हलत्या ट्रेवरून, आणि दोन्ही एकच.

मग अनोळखी वस्तू. एक गोटा ट्रेमध्ये मातीच्या गोळीनं पक्का बसवला. २० हेलकावे १५.१ सेकंदात. रेघेवरून ६८६ ग्रॅम. काटा म्हणतो ६९१. पाच ग्रॅमचा फरक, आणि स्टॉपवॉचमध्ये सेकंदाचा विसावा भाग इकडेतिकडे झाला तरी एवढा फरक पडतोच. समाधान आहे, पण वर जो अर्ध्या टक्क्याचा रुबाब मारला तो फरक माझी तुला अजून पकडू शकत नाही हेही खरं.

वस्तू पक्की बसवणं महत्त्वाचं. गोटा मोकळा ठेवला तेव्हा तो ट्रेमध्ये घसरत होता आणि आकडा दर वेळी वेगळा. अर्धी भरलेली पाण्याची बाटली तर ठेवूच नका. आतलं पाणी स्वतःच्या तालावर हिंदकळतं, हेलकावे पटकन मरतात, आणि जो आकडा येतो त्याला काही अर्थ नसतो. काठोकाठ भरून बूच लावलेली बाटली मात्र दगडासारखी वागते.

१८ ऑक्टोबर

आज मूळ प्रश्न: गुरुत्वाकर्षण खरंच बाहेर आहे का?

पद्धत नेहमीची. दहा बोल्टांची मोळी बांधली, छताच्या हुकाला बारीक दोरी, आणि मोळी ट्रेमध्ये अशी टांगली की तिचा भार दोरीवर आला, ट्रेवर नाही. ट्रेच्या कडांना खुंट्या ठोकल्यात, त्या मोळीला बाजूनं धरतात. ट्रे हलला की मोळी त्याच्याबरोबर हलायलाच हवी. आता ट्रेवर वजन शून्य. वस्तुमान मात्र तेच. वेळ १७.६ यायला हवी.

आली १६.७.

पुन्हा घेतली. १६.७. खुंट्या आणखी घट्ट केल्या. १६.७. स्टॉपवॉचच्या चुकीच्या कितीतरी पट हा फरक. वजन काढून घेतल्यावर हेलकावा जलद झाला, म्हणजे वजनाचा हात आहे? असं असेल तर सगळा प्रकल्पच पाण्यात.

१९ ऑक्टोबर

रात्री उत्तर सापडलं. दोरीला टांगलेली मोळी म्हणजे लंबक. बाजूला गेली की दोरी तिला मध्याकडे ओढते. पात्यांची ओढ मीटरला ६० न्यूटन. दीड मीटर दोरीला टांगलेला एक किलो त्यात मीटरला ६.५ न्यूटनची भर घालतो. ताठपणा दहा टक्क्यांहून जास्त वाढला, वेळ पाच टक्के कमी झाली. दोष मोळीत नाही, पात्यांत नाही, माझ्याच दोरीत होता.

खात्री करायची तर दोरी लांबवायची. हूक तोच ठेवून लांबवता येईना, म्हणून उपकरण खाली जमिनीलगतच्या दगडी पायरीवर नेलं. दोरी अडीच मीटर झाली. अंदाज केला होता की वेळ १७.१ च्या आसपास यावी. आली १७.०७. दोन्ही वेळच्या आकड्यांतून दोरीचा वाटा वजा केला तर पात्यांचा ताठपणा दोन्हीकडे ६० च. मोळी ट्रेवर ठेवा नाहीतर टांगा, आडवं हलवायला ती तेवढीच जड.

हा प्रयोग बऱ्याच ठिकाणी ‘वेळ बदलत नाही’ एवढं म्हणून सोडून दिलेला दिसतो. आखूड दोरीनं केला तर बदलते, आणि चांगलीच. दोरी शक्य तितकी लांब घ्या आणि उरलेला भाग हिशेबातून काढा.

जाता जाता: १९७३ मध्ये स्कायलॅब या अवकाश स्थानकावर अंतराळवीरांचं वस्तुमान याच युक्तीनं मोजलं गेलं. स्प्रिंगवर हेलकावणारी खुर्ची, त्यात अंतराळवीर घट्ट बांधलेला, आणि हेलकाव्याची वेळ. तिथे दोरी लागत नाही.

२१ ऑक्टोबर

पदार्थ बदलून बघितला. ४०० ग्रॅम लोखंड, ४०० ग्रॅम ठासून भरलेली वाळू, ४०० ग्रॅम लाकूड. काट्यावर सारखे, आणि ट्रेमध्येही २० हेलकाव्यांना तिघांनाही १२.३ ते १२.४. लाकूड आकारानं मोठं म्हणून दोनदा टेप लावून बसवावं लागलं, एवढंच.

न्यूटननं हीच गोष्ट लंबक घेऊन तपासली होती. सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू. फरक असलाच तर हजारात एक भागापेक्षा कमी. २०१६ मध्ये सोडलेल्या ‘मायक्रोस्कोप’ उपग्रहानं हीच तुलना प्लॅटिनम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूंवर करून मर्यादा दहाच्या पंधराव्या घातात काही भागांपर्यंत खाली नेली. माझी मर्यादा शंभरात एक. तरीपण स्वतःच्या ट्रेमध्ये वाळू आणि लोखंड एकाच तालावर डोलताना बघणं वेगळंच.

२५ ऑक्टोबर

ट्रॉलीकडे. सव्वा मीटरची सपाट फळी, चार चाकांची ट्रॉली, टोकाला कप्पी, दोऱ्याला लटकणारा हुक. वजनं म्हणून १० ग्रॅमचे वॉशर.

पहिल्या दिवशीच्या सगळ्या मोजण्या टाकून द्याव्या लागल्या. कारणं तीन, आणि तिन्ही एकाच वेळी.

दोरा ट्रॉलीपासून कप्पीकडे खाली उतरत होता, त्यामुळे ओढीचा काही भाग ट्रॉलीला फळीवर दाबत होता. कप्पी उचलून दोरा फळीला समांतर केला.

हातानं सोडताना प्रत्येक वेळी नकळत धक्का बसत होता. आता ट्रॉलीला मागून बारीक सुती दोरा बांधून ठेवतो आणि काडीनं जाळतो. कात्रीनं कापलं तर दोऱ्याला हिसका बसतो. जाळला की ट्रॉली गुपचूप सुटते.

तिसरं कारण मोबाईल. संथगती चित्रण सेकंदाला २४० चौकटींचं म्हणतात, पण चौकटी नेहमी तेवढ्याच असतात असं नाही. त्याच चित्रात डिजिटल स्टॉपवॉच ठेवलं तर एखाद्या सेकंदात चौकटी कमी निघाल्या. आता चौकटी मोजतच नाही. चित्रातल्या स्टॉपवॉचवरची वेळ वाचतो.

२७ ऑक्टोबर

हुकाला १० ग्रॅम लावले, ट्रॉली जेमतेम सरकली. ५ ग्रॅमला तर हललीच नाही. बल-त्वरणाची रेघ सरळ, पण शून्याऐवजी ०.०६ न्यूटनपासून सुरू होते. तेवढं बल चाकांच्या घर्षणातच संपतंय.

घर्षण काढता येत नाही, पण फेडता येतं. फळीचं मागचं टोक पुठ्ठ्याचे तुकडे घालून हळूहळू उचललं, दोरा सोडून ट्रॉलीला बोटानं हलकं ढकलायचं आणि बघायचं: वेग वाढतो, घटतो, की तसाच राहतो. १२ मिलिमीटर उंचीवर वेग तसाच राहिला. आता उतार ट्रॉलीला घर्षणाएवढाच पुढे ओढतो आणि हुकाचं बल पूर्णपणे त्वरणाच्या कामी येतं.

पूर्ण ट्रॉली भरूनच हे करा. रिकाम्या ट्रॉलीनं उतार जुळवून नंतर वॉशर भरले तर घर्षण जरा बदलतं.

३० ऑक्टोबर

बल वाढवायचं म्हणून बाहेरचे वॉशर हुकाला लावत गेलो तर रेघ वरच्या टोकाला वाकते. लटकणारे वॉशरही पळतात. त्यांना कोण पळवतं? तेच बल. बाहेरून वॉशर आणले की बल वाढतं, पण हलणारं वस्तुमानही वाढतं, आणि एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशाचाच हिशेब लागत नाही.

वॉशर ट्रॉलीतून काढून हुकाला लावा. एकूण वस्तुमान तेच राहतं, फक्त ओढणारा भाग बदलतो. ट्रॉली, सगळे वॉशर आणि हुक मिळून काट्यावर ६०० ग्रॅम केले.

८० सेंटिमीटर अंतर: २० ग्रॅम लटकवल्यावर २.३० सेकंद, ३० ला १.८७, ४० ला १.६२, ५० ला १.४५. त्वरण येतं ०.३०, ०.४६, ०.६१, ०.७६. रेघ शून्यातून जाते.

चढावरून वस्तुमान: ६४५ ग्रॅम. काटा: ६००.

४५ ग्रॅम जास्त. जडत्व तुलेत बारा ग्रॅम जास्त निघाले होते, इथे चौपट.

१ नोव्हेंबर

या वेळी कुठे बघायचं ते माहीत होतं: काय हलतंय पण काट्याला ‘हलणारं’ म्हणून दिसत नाही?

चाकं. ती ट्रॉलीबरोबर पुढे तर जातातच, वर स्वतःभोवती फिरतातही, आणि फिरतं करायला वेगळं बल लागतं. भरीव चाकाचं फिरणं त्याच्या निम्म्या वस्तुमानाएवढी भर घालतं, मग त्रिज्या काहीही असो. माझी चाकं भरीव, प्रत्येकी १८ ग्रॅम. चार चाकं ७२, निम्मे ३६. कप्पी १० ग्रॅमची, ती पुढे जात नाही पण फिरते, तिचे ५. एकूण ४१. उरलेले ४ ग्रॅम माझ्या मोजणीच्या धुरळ्यात.

पटलं, पण पटणं म्हणजे पुरावा नाही. वस्तुमानाचा हिशेब जुळवायला कारण शोधलं की ते बहुतेक वेळा सापडतंच. चाकं बदलून बघायची.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचं एक यंत्र ट्रॉलीच्याच जातीचं: स्प्रिंग माहीत असलेल्या बलानं अंतराळवीराला ओढते आणि त्वरणावरून वस्तुमान काढतात.

५ नोव्हेंबर

६ ग्रॅमची पातळ प्लॅस्टिकची चाकं बसवली, भरीव चकतीचीच. चाकांत ४८ ग्रॅम कमी झाले, ते ट्रॉलीच्या पाटीत शिसं घालून भरून काढले. काट्यावर पुन्हा ६००. काट्याच्या दृष्टीनं काहीच बदललेलं नाही.

उतार नव्यानं जुळवावा लागला, या चाकांना घर्षण कमी होतं. १२ ऐवजी ८ मिलिमीटर पुरले. बाकी सगळं तसंच ठेवून तीच मोजणी.

आधी कागदावर अंदाज लिहून ठेवला: चाकांचे १२, कप्पीचे ५, म्हणजे ६१७. आलेखानं दिले ६२०.

पुढच्या खेपेला कप्पीऐवजी गुळगुळीत काचेच्या कांडीवरून दोरा नेऊन बघणार. कप्पीचे ५ ग्रॅम जातील, पण कांडीवर दोरा घासेल, आणि ते घर्षण लटकत्या वजनाबरोबर वाढत जाणार. उतारानं ते फेडता येणार नाही. बहुधा कप्पीच बरी ठरेल.